मानेवरचा मळ

लास पालोमास वस्ती, टेक्सास
९ सप्टेंबर १९९७

आई, आधी आशीर्वाद दे, मग बाकीचं.

पत्रं-पार्सलं नेणाऱ्या चोनची गाडी उद्या गावाकडे निघतेय म्हणून घाईत लिहितेय. फोनच करणार होते, पण दुकानातल्या त्या एकुलत्या एका फोनवर अर्धं गाव कान लावून बसतं आणि हे सगळ्यांच्या कानावर जायला नको.

तुझा नातू बालवाडीत जायला लागला. पहिल्या दिवशी ताचो रडला नाही, मीच रडले. गेल्या वर्षी तीन वर्षांचा झाल्यावर चर्चमधल्या आशीर्वादासाठी तू शिवलेला पांढरा सूट त्याला घालायचा होता, पण त्याचं बटण आता पोटावर येतच नाही. लिचामावशी म्हणाली, "अगं, हा पोरगा आहे की महापौर?" मला इतकं बरं वाटलं! पोर अंगानं भरलेलं दिसलं की माझी छाती फुगते, का ते तुला माहीतच आहे.

पण बालवाडीत सगळ्यांचं वजन केलं आणि तिथली नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली की चार वर्षांच्या मुलाचं वजन सात वर्षांच्या मुलाएवढं आहे. मी म्हटलं, "मग छानच की." ती हसली नाही. खातो काय, पितो काय, झोपतो किती, सगळं विचारत बसली. मी पहाटे फळांच्या वखारीत जाते, पोराचा बाप एलेउतेरिओ उत्तरेकडे सफरचंदं तोडायला गेलाय, पोर दिवसभर पोरं सांभाळणाऱ्या लिचामावशीकडे असतं. ती बाटलीत काय भरते ते मी कशाला बघू? पोर शांत राहतं एवढं पुरे.

आणखी एक. त्याची मान काळी पडलीय. मागच्या बाजूला, वळीत. रोज आंघोळ घालते तरी जात नाही. वर्गातली पोरं त्याला "चिखल्या" म्हणतात. नर्सनं पण मान बघितली आणि काहीतरी लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आई. दिवसभर संत्री पुसून चकचकीत करते आणि स्वतःचं पोर मळकं! काहीतरी उपाय सांग.

तुझी रोसाल्बा

*

एल साउसितो, मेक्सिको
४ ऑक्टोबर

पोरी, देव तुझं आणि माझ्या महापौराचं भलं करो.

तुझं पत्र वाचून हसले आणि चिडलेही. त्या नर्सला स्वतःची पोरं आहेत का? नसणारच. ज्यानं उपाशी पोर मांडीवर घेतलेलं नाही त्याला वजनाबद्दल बोलायचा हक्क नाही. ओतिलियाला मी विसरले नाही, तूही विसरू नकोस. तुझी पहिली पोर ती, तीन वर्षांचीही झाली नाही. त्या दुष्काळात शेळ्यांनाही दूध नव्हतं, मक्याची पेज पाणी घालून घालून आपण तिला पाजली. शेवटी तिचा दंड माझ्या अंगठ्याएवढा राहिला होता. ताचोला कुणी "कमी घाल" म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

सोबत शेळीच्या दुधाच्या वड्या पाठवतेय. सगळ्या त्याच्याच आहेत, तू चोरून खाऊ नकोस.

मानेचं म्हणशील तर त्यात नवल काय? ती आपल्या घराण्याची खूणच आहे. माझी मान तशीच, माझ्या बापाची तशी होती, बाउदेलियो मामाची तर इतकी की शाळेत मास्तर त्याला विहिरीवर पिटाळायचे. आमची आई लिंबू आणि खायचा सोडा लावून खसाखसा घासायची. थोडं उजळतं, मग परत येतं, की परत घासायचं. विहिरीजवळच्या झाडाची लिंबं पाठवतेय. तिकडची लिंबं नुसतं पाणी असतात. हात जड ठेव, पोर ओरडलं तरी थांबू नकोस.

सान मिगेलच्या उत्सवात मी नवे बूट घालून नाचले. या वयात! बुटानं टाच चावली, पण नाचले. पाद्रीबाबा बघत राहिले.

तुझी आई, एदुविहेस

*

लास पालोमास
२६ ऑक्टोबर

आई, आशीर्वाद दे. या वेळी खरंच दे, मला गरज आहे.

तू सांगितलंस तसं केलं. लिंबू, सोडा आणि भांड्याची घासणी. पोर किंचाळलं, मी थांबले नाही. मग ताचो स्वतःच शिकला. एकदा मी स्वयंपाकघरात आले तर हा स्टुलावर चढून, घासणी हातात घेऊन स्वतःची मान घासतोय. "आई, मी चिखल काढतोय," म्हणाला. रक्त येत होतं, आणि तो रडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत त्यांनी त्याची मान पाहिली. मानेचा फोटो काढला. मला वखारीतून बोलावून घेतलं आणि कोण मारतं, कोण भाजतं, असं विचारलं. आई, पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईची पोरं सरकारी लोक अशीच घेऊन गेले होते. मग म्हणाले, घरी बाई येतील, बघतील, मग ठरवू.

ती बाई काल आली. नेल्डा नाव, आरोग्य केंद्रातली. मी घर इतकं धुतलं होतं की फरशीवर पाय घसरत होता. तिनं ताचोकडे पाहिलं, "काय टपोरे डोळे रे तुझे," म्हणाली, आणि लगेच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नजर लागू नये म्हणून. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आपल्यातलीच निघाली, तिचे वडील साकातेकासचे.

मी तिला तुझी लिंबं दाखवली. ती रागावली नाही. मग म्हणाली, "वहिनी, हा मळ नाही. हे आतून येतंय. रक्तात गोड वाढायला लागलं की कातडी असं सांगते. धुऊन जाणार नाही. बाटलीतलं गोड आधी बंद करा." मग विचारलं, घरात आणखी कुणाची मान अशी आहे का. मी म्हटलं, आईची, आजोबांची, मामाची; त्यांना पुढे काय काय झालं ते आईला विचारते.

तर सांग, आई. नीट आठवून सांग. आणि तुझी टाच बरी झाली का?

रोसाल्बा

*

एल साउसितो
१६ नोव्हेंबर

पोरी, आशीर्वाद आहेच.

पोराला घासणीनं घासायला मी सांगितलं नव्हतं. आम्ही कापडानं घासायचो. पण जाऊ दे, जखम भरेल. कोरफड लाव.

आता त्या नेल्डाबाईचं. दोन पुस्तकं वाचली की माणसाला कातडी बोलायला लागते वाटतं! रक्तात गोड म्हणे. साखरेचा आजार धसक्यानं होतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. बाउदेलियो मामाचं बघ. फुएंतेसांच्या बैलानं त्याला ओढ्यापर्यंत पळवलं, त्यानंतर त्याला साखर झाली आणि पुढे पाय कापावा लागला. बैलाचा धसका, दुसरं काय? माझ्या बापाचे डोळे गेले ते वीज पडली त्या वर्षी, शेळ्यांच्या वाड्यावर. त्याचाही धसकाच. चिमी मावशी नवऱ्यानं सोडल्यावर पाणी पीत सुटली, रांजणच्या रांजण प्यायची, आणि एक दिवस उठलीच नाही. तुझ्या त्या बाईला हे सगळं सांग. त्यांच्या माना? हो, तिघांच्याही काळ्या होत्या, मी म्हटलं ना, घराण्याचीच खूण आहे. म्हणून तर म्हणते, मानेचा साखरेशी काही संबंध नाही.

ताचोला भीती दाखवू नका, एवढंच सांभाळा. कुत्रा अंगावर येऊ देऊ नकोस, त्याच्यासमोर भांडू नकोस. आणि बाटली काढून घेऊ नकोस. पोराच्या तोंडची बाटली अचानक गेली तर तोही धसकाच.

टाच ठीक आहे. शेळ्यांना लावतो ते मलम लावतेय. जराशी काळी झालीय, खपली असेल.

तुझी आई

*

लास पालोमास
७ डिसेंबर

आई, आशीर्वाद दे आणि रागावू नकोस.

बाटली मी काढून घेतली.

आधी मी लिचामावशीकडे गेले, न सांगता, दुपारी. सहा पोरं टीव्हीसमोर ओळीनं बसलेली, प्रत्येकाच्या तोंडात बाटली, बाटलीत लाल सरबत किंवा कोला. कुणी हलत नव्हतं. इतकी शांतता होती की मला रात्री कोंबड्यांच्या खुराड्यात आल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "मावशी, पाणी देत जा ना." ती म्हणाली, "कुठलं पाणी गं? नळाच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तू पितेस का? आणि बाहेर सोडू? कुत्री आहेत, ट्रक आहेत, फूटपाथ आहे का तुझ्या बापाचा?" तिचं खोटं नाही, आई. मीही ते पाणी पीत नाही.

पोराला कुणी नेणार नाही असं नेल्डाबाईनं लिहून दिलं, आणि आता ती दर आठवड्याला येते. आम्हा सहा-सात बायकांना गोळा करते. चरबी कमी घालून घेवडा कसा शिजवायचा ते तिनं दाखवलं, आणि आम्ही तिला सांगितलं की असला घेवडा आजारी माणसाला देतात. ती हसून म्हणाली, "मग आजारी पडायच्या आधीच खा." पोरांना अंगणात गाणी लावून नाचवते. ताचो दोन उड्या मारतो आणि धापा टाकत खाली बसतो. इतर पोरं नाचतात, तो गुडघे धरून बघत बसतो. हे मी आधी कधी पाहिलंच नव्हतं, कारण तो नेहमी माझ्या मांडीवर असायचा.

चर्चच्या मागे पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवलंय, तिथून मी डबे भरून आणते. पण त्याला नुसतं पाणी आवडत नाही, थुंकून टाकतो. बाटलीसाठी भिंतीवर डोकं आपटतो. काल तुझ्या वड्यांचा रिकामा डबा त्याच्या पलंगाखाली सापडला, चाटून पुसलेला. मी तो कपाटावर ठेवला होता. तो तिथवर चढला कसा, हे मला कळलेलं नाही.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. मामा, आजोबा, चिमी मावशी. आई, तुझ्या पत्रात ज्यांच्या माना काळ्या आहेत त्यातलं आता कोण उरलंय? तू आणि ताचो. दुसरं कुणी नाही.

पुढच्या महिन्यात त्याचं रक्त तपासणार आहेत. नाताळला आम्ही गावी येतो. एलेउतेरिओ परत आलाय, चोननं जागा ठेवलीय. तुझी टाच मला स्वतः बघायची आहे.

रोसाल्बा

*

एल साउसितो
१६ डिसेंबर

पोरी, येऊ नका.

इथे गोवराची साथ आहे. पोराला घेऊन येणं बरं नाही. रस्ताही खराब आहे, गारठा आहे. नंतर कधीतरी या. मी बरी आहे. ताचोला पापा.

आई

*

लास पालोमास
१८ जानेवारी १९९८

आई, आशीर्वाद द्यायचा नसेल तरी हरकत नाही, पण हे पत्र वाच.

मला वाटलं तू बाटलीवरून रुसलीस. पूर्ण नाताळ मी तेच मनात धरून बसले. नाताळचे मक्याचे तमालेस वाफवताना रडले आणि एलेउतेरिओला सांगितलं की मिरची गेली डोळ्यात. मनात तुला काय काय बोलले ते लिहीत नाही. म्हातारीला नातवापेक्षा स्वतःचा हेका मोठा, असंही म्हणाले.

मग काल चोन आला. त्याला विचारलं, "गावात गोवर किती पोरांना आलाय?" तो म्हणाला, "कसला गोवर?" मग म्हणाला, पार्सल घ्यायला तू फाटकापर्यंत आली नाहीस. नेहमी तू त्याला दोन शिव्या घालतेस, गाडी उशिरा आणली म्हणून. या वेळी शेजारणीनं पार्सल घेतलं. तू आत खुर्चीत होतीस, मांडीवर घोंगडी पांघरून, आणि घरात औषधाचा वास येत होता. तू त्याला शिव्या घातल्या नाहीस, हे तो मला तीनदा म्हणाला. तो घाबरला होता, आई.

काय झालंय? मला खोटं सांगू नकोस. दुकानात दोनदा फोन लावला, बाई म्हणाली निरोप देते. तुझा फोन आला नाही.

ताचोचं रक्त तपासलं. आजार अजून नाही, पण उंबरठ्याशी उभा आहे, असं डॉक्टर म्हणाले. चार वर्षांच्या पोराच्या उंबरठ्याशी! आत येऊ द्यायचा की नाही, ते आता घरातल्या लोकांच्या हातात आहे म्हणाले. घरात कोण आहे? मी वखारीत, एलेउतेरिओ मार्चमध्ये परत जाणार. लिचामावशीनं शपथ घेतली होती, आणि परवा तिच्या सोफ्यामागे मला ताचोची बाटली सापडली, लाल, अर्धी भरलेली. ती म्हणाली, "पोर इतकं केविलवाणं रडतं गं, मला बघवत नाही." मला तरी कुठे बघवतं?

मी काय करू? तू सांग. तुझ्याशिवाय मला सांगणारं कुणी नाही.

रोसाल्बा

*

एल साउसितो
८ फेब्रुवारी

पोरी, देव तुला बळ देवो. अक्षर वाकडं आलंय, मांडीवर पाट ठेवून लिहितेय.

माझा डावा पाय गुडघ्याखाली काढला. नाताळच्या आधी, शहरातल्या इस्पितळात. ती टाच बुटानं चावली होती ना, तीच. खपली नव्हती. मलम लावत राहिले आणि ते वर वर चढत गेलं. दुखत नव्हतं म्हणून मी बरी आहे म्हणत होते, आणि डॉक्टर म्हणाला की दुखत नव्हतं हीच वाईट गोष्ट होती. तुला येऊ दिलं नाही, कारण पोरानं मला असं बघू नये वाटलं. त्याला धसका बसला असता.

डॉक्टर पोरगेलासाच आहे. त्यानं आधी पायाकडे पाहिलं नाही. माझ्या मागे जाऊन मान बघितली. विचारलं, "आजी, ही कधीपासून अशी?" मी म्हटलं, "लग्नाच्या आधीपासून." त्यानं वही मिटली. मी त्याला सांगितलं की मला कसला तरी धसका बसला असणार. तो म्हणाला, "कसला?" मी आठवायला लागले. ओतिलियाचा होता. पण मान तर त्याच्या कितीतरी आधीपासून काळी होती. खाटेवर पडल्या पडल्या खूप शोधलं, पोरी. एकही धसका सापडला नाही.

मग बाउदेलियोचा बैल आठवला. त्या दिवशी बैल एकट्या त्याच्या मागे नव्हता लागला. आम्ही बाजारातून येत होतो, सातजण होतो, सगळे ओढ्यापर्यंत पळालो. मी पण पळाले, तू माझ्या पोटात होतीस. धसका सगळ्यांनाच बसला होता. पाय फक्त बाउदेलियोचा गेला.

मी माझ्या नातवाला लिंबानं घासायला लावलं. वड्या पाठवत राहिले. ओतिलियाच्या वाटणीचं मी त्याला भरवत होते, हे मला तिथे पडल्यावर कळलं. ती जेवली नाही म्हणून मी याला थांबू दिलं नाही. मला फार वाईट वाटतंय गं. याहून जास्त लिहिता येत नाही.

आता ऐक. मी येतेय. सीमा ओलांडायचा माझा परवाना अजून चालतो आणि चोन मागची बाक काढून जागा करतो म्हणालाय. उशीर केलास तर बघ, असं त्याला सांगितलंय, म्हणजे आता त्याची भीती गेली असेल.

लिचाला सांग, पोर मी सांभाळणार. बसून सांभाळेन, पण बाटली माझ्या समोरून जाणार नाही. तो डोकं आपटेल, मला शिव्या देईल, देऊ दे. मी तुझ्यासारखी विरघळणार नाही. ओतिलियाला मी "थांब, नाही बाळ" म्हणत होते, ते घरात काही नव्हतं म्हणून. याला घरात असून म्हणायचंय. ते जास्त कठीण जाईल, मला माहीत आहे.

इस्पितळानं चाकांची खुर्ची दिलीय, जुनी आहे, एक चाक कुरकुरतं. ती ढकलायला कुणीतरी लागेल. ताचो ढकलेल. चर्चच्या मागे पाण्याच्या यंत्रापर्यंत आणि परत, रोज. धापा टाकेल तिथे थांबू, मग पुढे जाऊ. कुत्र्यांसाठी माझ्याकडे काठी आहे आणि ट्रकवाल्यांसाठी तोंड आहे.

तो विचारणार, आजी, पाय कुठे गेला? मी खरं सांगणार. तू मला अडवशील, घाबरेल म्हणून. अडवू नकोस. आपण सगळे बैलाला घाबरत बसलो आणि जे घाबरण्यासारखं होतं ते बाटलीत भरून पोरांच्या हातात दिलं.

या खेपेला वड्या नाहीत. विहिरीजवळची लिंबं तेवढी आणतेय, पिशवीभर. त्याला नुसतं पाणी आवडत नाही म्हणतेस ना, तर ती पाण्यात पिळायची. मानेला लावायची नाहीत. मान आहे तशीच राहू दे. खुर्चीतून उतरता येत नाही म्हणून काय झालं, पाणी भरताना तो माझ्यापुढे वाकला की ती काय सांगते ते मला रोज बघायचंय.

तुझी आई